बायपास सांगितली आहे? सही करण्याआधी हे विचारून घ्या

‘हार्ट अटॅक आलेला नाही म्हणतात, मग एवढी घाई कशाला? आणि घाईच असेल, तर ऑपरेशनला पाच दिवस थांबा असं का सांगतात?’ वाचक हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, बहुतेक वेळा एकाच पत्रात. प्रश्न रास्त आहेत. अनस्टेबल अंजायना, म्हणजे अस्थिर हृदयशूळ, या दुखण्यात काही ठिकाणी खरोखरच मिनिटं मोजावी लागतात आणि काही ठिकाणी दोन-चार दिवस हाताशी असतात. घरातल्यांची गडबड होते ती इथेच. छातीत दुखायला लागल्यावर रात्रभर थांबतात आणि ऑपरेशनच्या कागदावर मात्र दोन मिनिटांत सही करून मोकळे होतात. व्हायला हवं नेमकं उलट.

आधी दुखणं ओळखा

दोन जिने चढल्यावर छाती भरून येते, थांबलं की पाच मिनिटांत उतरते आणि महिनोन्महिने हे असंच चाललेलं आहे, तर तो स्थिर अंजायना. त्यालाही उपचार लागतात, पण डॉक्टरांची वेळ घेऊन गेलात तरी चालतं. पुढच्यापैकी काहीही असेल तर मात्र दुखणं अस्थिर झालं असं समजा:

- बसल्या जागी, झोपेत किंवा काही न करता छातीत दडपण येतं. वीस मिनिटं झाली तरी जात नाही.
- असं दुखणं पूर्वी कधीच नव्हतं. गेल्या काही आठवड्यांत सुरू झालं आणि आता अंघोळीला जाण्याइतक्या श्रमानेही येतं.
- दुखणं जुनंच आहे, पण आता वरचेवर येतं, जास्त वेळ राहतं, जिभेखालच्या गोळीला दाद देत नाही.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचे निर्णय त्यावरच ठरतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचलेला असतो. तो फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. धमनी पूर्ण बंद झालेली नसते, त्यामुळे स्नायू अजून मेलेला नसतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढत नाही. म्हणून ‘अटॅक नाही’ म्हणतात. पण गुठळी तिथेच असते आणि पुढच्या तासात ती मोठी होईल की विरघळेल हे कोणी सांगू शकत नाही.

मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छातीत दुखेलच असं नाही. दरदरून घाम येतो, धाप लागते, जबडा किंवा दोन खवाट्यांच्या मधली जागा दुखते, मळमळतं. घरात लगेच निदान होतं, ‘पित्त खवळलंय’. मग सोडा होतो, ओवा होतो, पाठीला बाम होतो आणि पहाट उजाडते. चाळिशीपुढच्या माणसाला, त्यात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर, घामाबरोबर आलेलं ‘पित्त’ आधी हृदयाचं समजा. नंतर ते खरोखर पित्त निघालं तर आनंदच आहे.

अशा वेळी एवढं करा:

- १०८ ला फोन करा किंवा ईसीजी आणि आयसीयूची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. माणसाला चालवू नका, जिने उतरू देऊ नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.
- ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. १०८ वरच्या डॉक्टरांना तसं विचारूनही घेता येतं.
- जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल तरच आणि बसवून द्या. रक्तदाब उतरलेला असेल, किंवा आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल, तर देऊ नका. लाजेपोटी ही गोष्ट लपवली जाते आणि ते जिवावर बेतू शकतं.
- पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. ‘ट्रोपोनिन केलं का? काही तासांनी पुन्हा करणार का?’ हे विचारा.

पहिला दिवस: इथली घाई खरी

भरती झाल्याबरोबर रक्त पातळ करणारी औषधं सुरू होतात. ॲस्पिरिन, तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, पोटात टोचायचं हेपॅरिन गटातलं इंजेक्शन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन. या उपचारांना थांबू नका, दुसरं मत घेत बसू नका. गावात अँजिओग्राफीची सोय, म्हणजे कॅथलॅब, नसली तरी ही औषधं तालुक्याच्या रुग्णालयातही सुरू करता येतात, आणि ती सुरू करूनच पुढे हलवावं. हलवताना ईसीजीच्या पट्ट्या आणि कोणतं औषध किती वाजता दिलं याची चिठ्ठी सोबत घ्या. पुढच्या रुग्णालयात सगळ्यात आधी तीच मागतात.

अँजिओग्राफी बहुधा एक ते तीन दिवसांत होते. औषधं चालू असूनही छातीत दुखत राहिलं, रक्तदाब कोसळला, हृदयाचे ठोके बिघडले, तर दोन तासांच्या आत करतात. असं काही नसेल, तर दुखणं शमलेलं आहे आणि तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे.

अँजिओग्राफीच्या दारात

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात चूक झाली ती इथेच.

माझे मामा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. वीस वर्षांचा मधुमेह, खिशात तंबाखूची डबी. अँजिओग्राफीला आत नेलं आणि अर्ध्या तासाने सिस्टर क्लिपबोर्ड घेऊन बाहेर आल्या. क्लिपबोर्डला बँडेजच्या पट्टीने पेन बांधलेलं होतं. ‘तीन ब्लॉक आहेत. स्टेंट आत्ताच टाकून घ्यायचेत का? पेशंट टेबलवर आहे, लवकर सांगा.’ मामींनी माझ्याकडे पाहिलं, मी मामेभावाकडे पाहिलं, त्याने सही केली. दोन नळ्यांत स्टेंट पडले, तिसरी राहिली. चौदा महिन्यांनी दुखणं परत आलं आणि बायपास झालीच. स्टेंट टाकणं चूक होतं असा माझा दावा नाही. पण मधुमेह आहे, तिन्ही नळ्यांत अडथळे आहेत, अशा वेळी आधी हार्ट सर्जनचं मत घ्यायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. आतल्या माणसाला तर कोणी विचारलंच नाही, आणि ते जागे होते. अँजिओग्राफी मनगटाची किंवा जांघेची जागा बधिर करून करतात. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगितलं आहे की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. आणि सज्ञान रुग्ण स्वतः संमती देऊ शकणार असेल, जिवाला तत्काळ धोका नसेल, तर त्याच्याऐवजी नातेवाइकाची सही पुरत नाही. त्या खटल्यातलं ऑपरेशन हृदयाचं नव्हतं, पण नियम सगळ्यांना सारखाच. मात्र तपासणी आणि उपचार दोन्हींची संमती आधीच एकत्र घेता येते. म्हणूनच पुष्कळ छापील फॉर्मवर ‘अँजिओग्राफी / अँजिओप्लास्टी’ (अँजिओप्लास्टी म्हणजे स्टेंट टाकणं) असं एकाच ओळीत असतं. ती ओळ सही करण्याआधी वाचा.

आत जाण्यापूर्वीच, रुग्णासमोर, डॉक्टरांशी असं बोलून ठेवा: ‘एखाददुसरा साधा ब्लॉक निघाला तर लगेच स्टेंट टाकायला आमची हरकत नाही. डाव्या मुख्य नळीत किंवा तिन्ही नळ्यांत निघालं, तर थांबा. आम्हाला सर्जनशी बोलायचं आहे.’ फॉर्मवर तेच दोन ओळींत लिहा. बहुतेक डॉक्टरांना हे पटतं. एक-दोन साध्या अडथळ्यांत त्याच बैठकीत स्टेंट टाकणं सोयीचं असतं, त्यात दुसऱ्यांदा टोचणं वाचतं. टेबलावर असतानाच छातीत दुखायला लागलं किंवा नळी बंद पडू लागली, तर डॉक्टर जीव वाचवण्याचा निर्णय घेतील. त्यांना तो घेऊ द्या.

बायपास कोणाला, स्टेंट कोणाला

स्टेंट म्हणजे अडथळ्याच्या जागी जाळी बसवणं. बायपास म्हणजे अडथळा तसाच ठेवून त्याच्या पलीकडे नवी नळी जोडणं. एका नळीतल्या छोट्या अडथळ्याला बायपास सहसा सांगत नाहीत. बायपासचं पारडं जड होतं ते अशा वेळी:

- डाव्या मुख्य धमनीत, म्हणजे ‘लेफ्ट मेन’मध्ये, ५० टक्के किंवा जास्त अडथळा.
- तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळे, त्यातही अडथळे लांबलचक, फाट्यावरचे किंवा चुन्याने कडक झालेले.
- मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्यांत अडथळे, विशेषतः समोरून उतरणाऱ्या ‘एलएडी’त.
- हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेली. टू-डी एकोच्या कागदावर ‘ईएफ’ म्हणून जो आकडा असतो तो.
- झडपही बदलायची आहे, किंवा आधी टाकलेले स्टेंट पुन्हा पुन्हा बंद होताहेत.

मधुमेहाबद्दलचा मुद्दा नुसत्या मतावर उभा नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या अभ्यासात अनेक नळ्यांत अडथळे असलेले १,९०० मधुमेही घेतले होते. निम्म्यांना औषधी स्टेंट, निम्म्यांची बायपास. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही झालं असे स्टेंटच्या गटात २६.६ टक्के निघाले, बायपासच्या गटात १८.७ टक्के. त्याच अभ्यासात पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपासनंतर जास्त होतं: ५.२ टक्के, तर स्टेंटमध्ये २.४. डॉक्टरांनी तुम्हाला दोन्ही बाजू सांगायला हव्यात. नुसतं ‘बायपास बेस्ट’ किंवा नुसतं ‘छाती कापायची कशाला’ हे अर्धंच बोलणं झालं.

अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत हे मोजायला ‘सिंटॅक्स स्कोअर’ वापरतात. २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, त्यापुढे जास्त. तुमच्या माणसाचा स्कोअर किती, हे विचारायला संकोचू नका. तिन्ही नळ्यांचा आजार असेल आणि आकडा ३२ च्या वर असेल, तर स्टेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांकडून कारण समजून घ्या. उलट, वय खूप झालंय, मूत्रपिंडं किंवा फुप्फुसं खचलेली आहेत, पायाच्या नसा घेण्याजोग्या राहिलेल्या नाहीत, अशा माणसाला तिन्ही नळ्यांत अडथळे असूनही स्टेंटच योग्य ठरू शकतो.

जाहिरातींमधून दिसणाऱ्या ‘विनाऑपरेशन बायपास’बद्दलही वाचक विचारतात. पायांना पट्टे बांधून हवेचा दाब देण्याचा उपचार स्थिर अंजायनाच्या, दुसरा इलाज न उरलेल्या काही रुग्णांसाठी आहे. अस्थिर दुखण्यात त्याला जागा नाही. सलाइनमधून ‘नळ्या साफ’ करण्याच्या उपचाराने बायपास टळत नाही. त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

मधले दिवस कशासाठी असतात

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. भरती होताना दिलेली रक्त पातळ करणारी औषधं अंगात असताना छाती उघडली, तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून दुखणं शमलेलं असेल तर क्लोपिडोग्रेल थांबवून साधारण पाच दिवस, टिकाग्रेलॉर थांबवून तीन ते पाच दिवस, प्रासुग्रेल असेल तर सात दिवस वाट पाहतात. ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात, हेपॅरिनही बराच काळ. हे दिवस बहुधा रुग्णालयातच काढायचे असतात. ‘तोवर घरी नेतो’ असं म्हणू नका. या काळात छातीत पुन्हा दुखलं तर वाट न पाहता ऑपरेशन करावं लागतं आणि मग रक्ताची सोय आयत्या वेळी धावपळ करून होत नाही. रक्तदाते आधीच सांगून ठेवा.

दुसरं मत घ्यायचं ते याच दिवसांत. त्यासाठी माणसाला हलवावं लागत नाही, अँजिओग्राफीची सीडी हलवली तरी पुरतं. छापील रिपोर्टवर ‘एलएडी ९० टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं. नवी नळी जोडायला पुढची नळी पुरेशी जाड आहे का, हे सर्जनला चित्रफितीतच दिसतं. सीडीची प्रत, एकोचा रिपोर्ट, क्रिअ‍ॅटिनिन आणि एचबीए१सी एवढं घेऊन घरातल्या एकाने दुसऱ्या सर्जनकडे जायचं. मुलगी ह्यूस्टनला आणि मुलगा बंगळुरूला असेल, तर त्यांनाही हेच पाठवा. फोनवरून नुसतं ‘तीन ब्लॉक’ ऐकून परदेशातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला कामाचा नसतो.

सर्जनला भेटाल तेव्हा हे विचारा:

- छातीतली धमनी वापरणार का, किती वापरणार? छातीच्या आतल्या बाजूची ‘मॅमरी’ धमनी एलएडीला जोडली, तर दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत ती चालू राहते. पायातून काढलेल्या शिरा तितक्या टिकत नाहीत. दहा वर्षांत त्यातल्या निम्म्याच्या आसपास बंद पडतात. माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.
- धडधडत्या हृदयावर करणार की हार्ट-लंग मशीन लावून? आपल्याकडे पहिली पद्धत बरीच रूढ आहे. त्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे ती चांगली. यावर अडून बसू नका.
- आमच्या माणसाच्या बाबतीत धोका किती? बाकी तब्येत बरी असलेल्या माणसाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका साधारण एक-दोन टक्के असतो. वय, कमी ईएफ, मूत्रपिंडाचा आजार, तातडी यांनी तो वाढतो. ‘काही होत नाही हो’ यावर समाधान मानू नका.
- आयसीयूचे किती दिवस पॅकेजमध्ये धरलेत, वर गेले तर रोजचे किती?

रुग्णाने या दिवसांत तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद करायची. फिजिओथेरपिस्ट तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र देतात. त्याचा सराव ऑपरेशनच्या आधीच करून ठेवला, तर नंतर कफ काढणं सोपं जातं. साखर आटोक्यात आणायची, कारण छातीची जखम चिघळण्याचं ते एक मोठं कारण आहे.

बायपास आयुष्यभर पुरते का

नळ्या जोडल्या जातात, आजार मात्र अंगातच राहतो. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली होती. पंतप्रधान असताना, जानेवारी २००९ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये त्यांची दुसरी बायपास झाली. त्या चमूचं नेतृत्व मुंबईचे हृदयशल्यविशारद रमाकांत पांडा यांनी केलं होतं. त्यानंतर सिंग पाच वर्षं पंतप्रधान होते आणि २०२४ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. दोन ऑपरेशनांमध्ये १९ वर्षं गेली. हे अंतर ऑपरेशनइतकंच औषधांवर आणि राहणीवर अवलंबून असतं. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन कायमची असतात. अस्थिर अंजायनानंतर रक्त पातळ करणारी दुसरी गोळीही बहुधा वर्षभर चालते. दात काढायचाय म्हणून ती परस्पर बंद करू नका.

पैशांची तजवीज

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आणि अँजिओप्लास्टी दोन्ही येतात. २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळालं. इथे लोक अडकतात ते असे:

- रुग्णालय योजनेत आहे, पण हृदयशस्त्रक्रियेसाठी नाही. मूत्रपिंडासाठी किंवा हाडांसाठी आहे. म्हणून ‘योजना आहे का’ एवढंच न विचारता ‘योजनेत बायपास होते का’ असं विचारा.
- आधी रोखीने भरती होतात, योजनेची आठवण तिसऱ्या दिवशी येते. दारातच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. रेशनकार्ड आणि आधार घरून यायला वेळ लागणार असेल, तर तातडीचा रुग्ण म्हणून फोनवरून नोंद करायला सांगा.
- पॅकेजमधल्या गोष्टींचे पैसे वरून मागितले जातात. पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार करा.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत केईएम आणि जे. जे. रुग्णालयात खर्च कमी येतो, पण रांग असते. अस्थिर दुखण्यात ती रांग परवडेल का, हे तिथल्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. सत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल पुष्कळांना अर्धवट माहिती असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाता येतं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यासाची मदतही मागता येते. पण तिथे रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी सही-शिक्क्यासह मागून ठेवा.

आरोग्यविमा असेल, तर खोलीभाड्याची मर्यादा आधी बघा. मर्यादेबाहेरची खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत भाड्याबरोबर इतर काही खर्चही त्याच प्रमाणात कापतात. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. मधुमेह-रक्तदाब पॉलिसीत लपवलेला असेल, तर वाद बहुतेक वेळा तिथेच होतो. स्टेंट पडलेच तर त्यांची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. फेब्रुवारी २०१७ पासून सरकारने त्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या आहेत.

तुमचे हक्क, जे तोंडपाठ असावेत

- तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटअभावी परत पाठवता येत नाही. जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार द्यावेच लागतात.
- वैद्यकीय कागदपत्रांची प्रत लेखी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी. सीडी त्यात आली.
- दुसरं मत घेणं हा हक्क आहे. त्यावरून डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नका.
- महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. दिसले नाहीत तर विचारा.
- बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही.

आवाज चढवू नका. अर्ज लिहा, तारीख-वेळ घाला, पोच घ्या. माझ्या अनुभवात भांडणापेक्षा पोच घेतलेल्या कागदाने जास्त कामं झाली आहेत.

घरी आल्यावर

ऑपरेशन तीन ते पाच तास चालतं, दोन-तीन दिवस आयसीयू, एकूण आठवडाभर रुग्णालय. बाहेर थांबलेल्यांना हे तास फार लांब जातात. आयसीयूत पहिल्यांदा पाहाल तेव्हा तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, हात सैल बांधलेले असे दिसतील. घाबरू नका, ते अपेक्षितच असतं. चार-पाच जणांत एकाला पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. त्यावर औषध असतं.

छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर:

- पाण्याने भरलेली बादली, सिलिंडर, नातवंड उचलायचं नाही.
- पलंगावरून उठताना हातांवर भार द्यायचा नाही. कुशीवर वळून पाय खाली सोडायचे.
- खोकला किंवा शिंक आली, तर उशी छातीशी घट्ट धरायची.
- स्कूटर, मोटार चालवायची नाही. रिक्षाने जाताना खड्डे सांभाळायला सांगायचं.
- पायातून शीर काढली असेल, तर तो पाय सुजतो. बसताना उंचावर ठेवायचा, डॉक्टर सांगतील तोवर मांडी घालून बसायचं नाही. संडास बैठा असेल तर खुर्चीची सोय आधीच करा.

रोज चालायचं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग दारापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. एकादशीचे, चतुर्थीचे उपास पहिले तीन महिने नकोत. मधुमेहाच्या गोळ्या आणि दिवसभर साबुदाणा हे समीकरण जमत नाही. वारीला जायचं असेल तर सर्जनना आधी विचारा आणि टप्पे वाहनाने करायची तयारी ठेवा.

बरीच माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गप्प होतात. कारण नसताना डोळ्यांत पाणी येतं, झोप लागत नाही, ‘आता मी कामाचा उरलो नाही’ असं म्हणतात. माझ्या मामांनी तर पंधरा दिवस वर्तमानपत्र उघडलं नव्हतं. हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. पती-पत्नी संबंध साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू करता येतात. दोन जिने धाप न लागता चढता येणं ही त्याची साधी खूण. हा प्रश्न मनात ठेवून वर्षवर्ष घालवणारी जोडपी मला भेटली आहेत.

पहिल्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालयात जायचं ते असं काही दिसलं तर: ताप, छातीच्या किंवा पायाच्या जखमेतून पाणी किंवा पू, छातीचं हाड ‘कटकट’ हलल्यासारखं वाटणं, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं, झोपल्यावर धाप. चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं यांत मिनिटही घालवायचं नाही. आणि ऑपरेशनआधी यायचं तसं दडपण पुन्हा आलं, तर ‘आता बायपास झालीय’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत डिस्चार्ज कार्ड व औषधांची चिठ्ठी हाताशी काढून ठेवा.